फियाटवाले काकाजी

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या प्रत्येक गावी, मग ते वणी असो, पुसद असो वा दारव्हा, 'फियाटवाले' या नावाने ओळखले जाणारे एक गृहस्थ असतात, आणि वाचकाच्या नात्यात, आळीत किंवा निदान उसनवारीच्या व्यवहारात ते केव्हा ना केव्हा येऊन गेलेले असल्यामुळे त्यांची ओळख नव्याने करून देण्याचे प्रयोजन उरत नाही. त्यांचे मूळ आडनाव विजेच्या बिलावर आणि लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या यादीत तेवढे शिल्लक असते. एरवी शाळकरी पोरांपासून तहसील कचेरीतल्या शिपायापर्यंत सारे त्यांना फियाटवाले काकाजी म्हणतात, आणि त्यांची पत्नी, इच्छा असो वा नसो, फियाटवाल्या काकू होते. कागदोपत्री ही गाडी प्रीमियर पद्मिनी असते हे खरे. परंतु वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर ११०० नमुन्याची जी मोटार काढली, तिला १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले तरी लोकांनी ते आरटीओच्या पुस्तकातच राहू दिले.

या गृहस्थांचे व्यवच्छेदक लक्षण, म्हणजे ज्यावरून ते जुन्या वस्तूंच्या इतर षौकिनांहून वेगळे ओळखता येतात ते लक्षण, गाडी हे नसून 'कंपनीचं आहे' हे वाक्य होय. एखादा भाग कारखान्यातून आला तसाच आहे, मागाहून बाजारातून आणून बसवलेला नाही, एवढाच त्याचा सर्वमान्य अर्थ; परंतु काकाजींच्या तोंडी ते वाक्य स्पष्टीकरण, समर्थन, दिलगिरी आणि कित्येकदा आशीर्वाद या चारही कामी येते. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावरचा गोळा कंपनीचा असतो, पुढच्या सलग बाकावरचे रेक्झिन कंपनीचे असते, आणि ते जिथे उसवले आहे तिथून डोकावणारा काथ्या तर निर्विवादपणे कंपनीचा असतो. मागचे डावे दार आतून उघडत नाही. ही माहिती नसल्यामुळे लग्नाला म्हणून नेलेले वधूचे मामा मंगलाष्टके संपेपर्यंत मांडवाबाहेर गाडीतच बसून राहिले, तेव्हा त्यांना बाहेर काढताना काकाजींनी दाराच्या मुठीवरून हात फिरवून "कंपनीचं आहे" एवढेच सांगितले, आणि मामांनी पंगत उठेपर्यंत मौन पाळले. हॉर्न का वाजत नाही असे यवतमाळच्या एका चौकात विचारणाऱ्या वाहतूक शिपायाला त्यांनी "कंपनीचा आहे" असे उत्तर दिले, तेव्हा त्या बिचाऱ्याने आदराने "कोणत्या कंपनीत असता, साहेब?" अशी चौकशी करून गाडी सोडून दिली.

प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेला हीटर मात्र कंपनीचा नव्हता, आणि सारे प्रकरण खरे पाहता तिथूनच चिघळले. हीटर म्हणजे गाडीच्या आतली हवा ऊबदार करणारे साधन. इंजिनात तापलेले पाणी एका रबरी नळीतून डॅशबोर्डाखाली बसवलेल्या डब्यात येते, त्या डब्यात तांब्यापितळेच्या बारीक नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची एक जाळी, म्हणजे लहानसा रेडिएटरच, असते, पंखा तिच्यातून वारा ढकलतो, आणि थोडे निवलेले पाणी दुसऱ्या नळीने इंजिनाकडे परतते. सिमल्याला किंवा श्रीनगरला या व्यवस्थेची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांना जाऊन टेकतो अशा यवतमाळात मोटारीत हीटर असणे हे पहिल्या मालकाचे, म्हणजे उत्तरेत नोकरी काढून परतलेल्या एका लष्करी हिशेबनिसाचे, कर्तृत्व होते, आणि त्याने तो दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणून बसवून घेतला होता. काकाजींना हे ठाऊक नव्हते असे नव्हे. गाडीबरोबर मिळालेल्या फायलीत त्या हीटरची पिवळी पडलेली पावतीसुद्धा होती. ती त्यांनी जपून ठेवली, कोणाला दाखवली नाही, आणि विचारणाऱ्याला हीटर कंपनीचाच असल्याचे ते आजतागायत सांगत आले.

येथे त्यांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. चढावर किंवा रखरखीत उन्हात इंजिन उकळू लागले, की हीटरची चावी पूर्ण उघडून पंखा सुरू करावा, म्हणजे मोठ्या रेडिएटरच्या जोडीला ही छोटी जाळीही उष्णता बाहेर टाकू लागते आणि तापमानाची सुई खाली येते, हा जुन्या वाहनचालकांचा तोडगा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक आहे. त्यात इंजिनाच्या वाटचे माणसांना उकळावे लागते, एवढीच काय ती उणीव. या तोडग्याचा सविस्तर प्रयोग काकाजींनी अमरावतीच्या साडूंवर केला. नागपूरच्या एका साखरपुड्याला निघालेली ही मंडळी भर मे महिन्यात दुपारी साडेबाराला कळंबला चिंतामणीचे दर्शन घेऊन पुढे लागली तोच सुई लाल रेघेकडे झुकली, काकाजींनी शांतपणे हीटर सोडला, आणि बाहेर लू व आत हीटर अशा दुहेरी बंदोबस्तात साडू देवळीपर्यंत पोचले. "काकाजी, हे बंद नाही का होत?" असे त्यांनी विचारले, यावरून त्यांची शुद्ध किती हरपली होती ते दिसते, कारण नात्याने ते काकाजींना भाऊजी म्हणत. देवळीला उसाच्या रसाचे चार पेले पोटात गेल्यावर त्यांनी परतीचा प्रवास एसटीने करण्याचे जाहीर केले.

गळती प्रथम काकूंच्या लक्षात आली, कारण हीटरचा डबा पुढच्या बाकावर त्या जिथे बसत तिथेच, पायांच्या वर होता. साडीचा काठ ओला लागतो अशी तक्रार त्यांनी केली तेव्हा काकाजींनी पावसाचे पाणी आले असेल असे निदान केले. तो एप्रिल होता. पुढे समोरच्या काचेवर आतून तेलकट धुरकट थर धरू लागला, जो हाताने पुसला की अधिकच पसरे, आणि गाडीत गोडसर, औषधी वास भरून राहू लागला. कूलंट, म्हणजे पाण्याने गंज चढू नये आणि ते लवकर उकळू नये म्हणून त्यात मिसळायचे ग्लायकॉलयुक्त द्रव्य, जाळीतून पाझरून वाफेने काचेवर बसते, हे त्याचे कारण होय, आणि जगातला कोणताही मेकॅनिक हा वास नाकात जाताच हीटर गळतो असे सांगेल. काकाजींनी तो वासदेखील कंपनीचा असल्याचे सांगितले.

जाळी सडते कशाने, याचे उत्तर बहुतांशी पाण्यात असते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तापले की नळ्यांच्या आतून चिकटून बसतात, नळ्या अरुंद होतात, आणि साचलेल्या थराखाली धातू कुरतडला जातो. काटकसरीच्या नादात काकाजी तर घरच्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बादलीत धरून रेडिएटरमध्ये ओतत असत. ते यंत्र माणसांसाठी नको असलेले सारे क्षार ज्या पाण्यात सोडते ते हेच, त्यामुळे त्यांनी आपल्या लाडक्या गाडीला वर्षानुवर्षे शोधूनशोधून वाईट तेच पाजले असा निष्कर्ष निघतो. त्यांचा भाचा अभियांत्रिकीला होता; त्याने हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी काकूंच्या पिण्याच्या पाण्यावर हात टाकला, आणि गळतीचा प्रश्न प्रथमच स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

त्यानंतर हळद आली. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती फुगून बारीक भोके बुजवते, हा उपाय हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांपासून गावच्या मिस्त्रीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे, आणि अडल्या वेळी घर गाठण्यापुरता तो चालतोही. उमरखेडकडची अस्सल हळद काकाजींनी हात आखडता न घेता घातली. मोठ्या रेडिएटरला तिने काही केले नाही, हीटरच्या बारीक नळ्या मात्र निम्म्याहून अधिक बुजवल्या, आणि उरल्यासुरल्या वाटेने जे ठिबकले ते पिवळे ठिबकले, तेही काकूंच्या पांढऱ्या नागपुरी साडीवर. "या वयात आता हळद लावून रायले का मले?" एवढेच बोलून काकू दार आपटून उतरल्या. आपटलेल्या दाराचा आवाज ऐकून काकाजी समाधानाने म्हणाले, "पाहा, कसं बसते दार. कंपनीचं आहे."

शेवटी हीटर काढायचे ठरले. जुन्या गाडीतला हीटर काढणे हे अवघड काम नाही, फक्त ते ज्या क्रमाने करायचे त्या क्रमाने करावे लागते: इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे, रेडिएटरच्या तळाची तोटी उघडून पाणी भांड्यात काढून घ्यायचे, नळ्यांवरच्या पट्ट्या, ज्यांना गॅरेजात जुबली क्लिप म्हणतात, सैल करायच्या, आणि जुनी नळी ओढण्याऐवजी तिला लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढायची, कारण रबर पितळेच्या तोंडाला चिकटून बसलेले असते आणि ओढताना रबर तुटण्याऐवजी पितळच वाकते. जाळीत अडकलेले पाणी सांडू नये म्हणून दोन्ही तोंडांना बुचे मारून मगच डबा खाली उतरवावा. काकाजींनी नळी चिरली नाही, कारण ती कंपनीची होती. त्यांनी ती ओढली. एक पाय डॅशबोर्डाला लावून, भाच्याला कमरेला धरायला सांगून ओढली, आणि नळी, तिच्याबरोबर पितळेचे तोंड, तोंडाबरोबर डबा आणि डब्याबरोबर हळदीने पिवळसर हिरवे झालेले दीड-दोन लिटर पाणी असा सारा ऐवज त्यांच्या मांडीवर आला. बुचे भाच्याच्या खिशात होती.

सफाईचा खरा इतिहास इथून सुरू होतो, आणि तो दुरुस्तीपेक्षा मोठा आहे. फियाटच्या तळाच्या पत्र्यावर तागाच्या जाड नमद्याचा थर असतो आणि त्यावर रबरी पायपुसणी. वरून पुसले की सारे कोरडे दिसते, आणि खाली नमदा महिनोन् महिने ओला राहून पत्रा सडवतो, इतका की जुन्या गाड्यांत चालत्या रस्त्याचे दर्शन पायांखालून घडते. त्यामुळे बाक सोडवून, पायपुसणी काढून, नमदा उचलून स्वच्छ पाण्याने धुऊन कडक वाळवणे हाच एक मार्ग असतो. ग्लायकॉल पाण्यात सहज विरघळते, त्याला साबण आणि भरपूर पाणी पुरते. काकाजींनी ते रॉकेलने धुतले. रॉकेलचा वास घालवायला कडुलिंबाचा पाला, पाल्याचा डाग घालवायला खाण्याचा सोडा, आणि सोड्याचा पांढरा थर घालवायला शेवटी जे पाणी प्रथमच वापरायचे ते पाणी, असा प्रवास दोन दिवस चालला. शिवाय ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी असल्यामुळे अंगणात सांडलेले चाटायला आलेली आळीतली कुत्री हाकलत भाचा हातात झाडू घेऊन उभा राहिला, आणि त्या प्रकरणात त्यानेच काय ते शास्त्रीय काम केले असे म्हणावे लागेल.

नमदा वाळवायला गच्ची हवी होती, आणि गच्चीवर उन्हाळ्याचे वाळवण होते. विदर्भातल्या घरांत मे महिन्याची गच्ची ही कुरडया, पापड, सांडगे आणि मूगवड्या यांची मालमत्ता असते, तिथे पुरुषांनी पाय ठेवायचा तो चपला खाली काढून, आणि अशा सोवळ्या जागी रॉकेलचा वास येणारा ओला ताग कुरडयांच्या वाऱ्याच्या दिशेला पसरला गेला. त्या वर्षीच्या कुरडया तळल्या की अजूनही गॅरेजात बसल्यासारखे वाटते, असे त्या खाल्लेल्या पाहुण्यांचे मत आहे. साडूंकडे त्यातले मुद्दाम दोन डबे पाठवण्यात आले. काकूंनी घरखर्चाच्या वहीत नवे सदर उघडून त्याला 'दुखणीबाणी' असे नाव दिले, आणि नळी, क्लिपा, रॉकेल, सोडा, हळद व एक पांढरी साडी अशा क्रमाने त्यात नोंदी केल्या.

शेजारीही काकाजींवर रागावलेले होते, मात्र त्यांच्या रागाला याहून जुनी कारणे होती. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणांनी तळ गाठला, नळाची वाट पाहण्यात आठवडे जाऊ लागले आणि आळीआळीत टँकरभोवती गुंड-कळशांच्या रांगा लागल्या, तेव्हा त्या रांगेत फियाटवाले रेडिएटरसाठी वेगळी कळशी घेऊन उभे असत. त्यांना रांगेतून काढण्यात आले. त्यांनी आपल्या आंघोळीचे पाणी गाडीला दिले, ही बातमी पुढे काकूंकडूनच फुटली, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ बसायला कोणी धजत नसे.

कायद्याचा मात्र या वर्गावर विलक्षण लोभ आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या खासगी वाहनांना 'व्हिंटेज' असा स्वतंत्र दर्जा दिला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, आणि अट अशी की गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही, ती प्रदर्शन, शोभायात्रा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. एमएच २९ ची पाटी असलेल्या या गाडीचे गेल्या वीस वर्षांतले सारे जाणेयेणे याच पाच कारणांत बसते, किंबहुना पहिली तीन वगळली तरी चालतील, हे ध्यानात घेता नियम करणाऱ्या सचिवाने यवतमाळचा आर्णी रोड पाहूनच तो मसुदा लिहिला असावा. 'मूळ रूपात जपलेली' ही अट वाचून काकाजींना जो आनंद झाला तो मुलीचे लग्न ठरले तेव्हाही झाला नव्हता. सरकारला अखेर कळले होते की ते कंपनीचे आहे.

आणि तरीही ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे कायमची उतरली त्या दिवशी, या गृहस्थांनी दाढी केली नाही हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी शकुंतला, जिला १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ओढत राहिले ती अरुंद रुळांची गाडी, बंद पडली तेव्हाही त्यांनी असेच केले होते. त्यांच्या हट्टाचे हसू येते ते खरे; पण ज्या कंपनीला ते उठताबसता साक्षीला बोलावतात, तिने पद्मिनी करणे केव्हाच थांबवले, तिचे सुटे भाग मिळेनासे झाले, तिच्या नावाने कोणी फोन उचलत नाही, आणि तिची बाजू घेऊन बोलणारे आता हेच दोन-चार तालुक्यांतले फियाटवाले उरले आहेत.

तर ओढाओढीत वाकलेली हीटरची जाळी घेऊन काकाजी आर्णी रोडवरच्या एका टपरीवजा दुकानात गेले, जिथे एक वयस्क कारागीर, ज्याला सारे चाचा म्हणतात, रेडिएटर झाळण्याचे काम करतो. झाळणे म्हणजे शिसे आणि कथील यांची मिश्र धातू, जिला डाख म्हणतात, वितळवून सांध्यात बसवणे. चाचा प्रथम जाळीचे एक तोंड बुजवतो, दुसऱ्यातून पंपाने हवा भरतो, आणि ती पाण्याच्या हौदात बुडवून डोळे बारीक करून बसतो. जिथून बुडबुड्यांची माळ वर येते तिथे खडूची खूण करतो, जागा खरवडून आम्लाने उजळतो, ज्योत लावतो, आणि डाखेचा थेंब पितळेवर पसरला की ओल्या फडक्याने एकदाच पुसतो. हल्लीच्या गाड्यांत जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि तिच्या टोपण्या प्लॅस्टिकच्या असल्यामुळे अशी डाख तिला धरत नाही, गळाली की आख्खी बदलतात. त्यामुळे चाचाच्या हौदातल्या पाण्यावर दिवसचे दिवस धूळ साचते, आणि त्याचा मुलगा शेजारच्याच गाळ्यात मोबाइलच्या काचा बदलतो.

त्या वर्षी हीटर चांगला झाला, आणि तो आजही ठणठणीत आहे. तरीदेखील दर दिवाळीच्या आधी काकाजी तो सोडवून, आता नळी नीट चिरून आणि बुचे स्वतःच्या खिशात ठेवून, पिशवीत घालून चाचाकडे नेतात. "गयते का, साहेब?" "गयते असं वाटते, चाचा." मग जाळी पाण्यात जाते, दोघे हौदावर वाकून बराच वेळ पाहत राहतात, एकही बुडबुडा येत नाही, आणि चाचा कुठल्या तरी कोपऱ्यावर बोट ठेवून "हे पाहा, अथी बारीक आहे" असे सांगून एक थेंब डाख लावतो. जुन्या डाखेवरच ती नवी बसते. काकाजी पैसे न मोजता देतात, वर भंगारातून विकत आणलेला एखादा दुसऱ्याच गाडीचा रेडिएटर "हाही पाहून ठेवजा" म्हणून तिथेच सोडून येतात, आणि घरी आल्यावर हीटर पुन्हा गळत होता असे सांगतात. काकू त्यावर काही बोलत नाहीत. परंतु अलीकडे त्यांनी तो खर्च 'दुखणीबाणी'तून काढून 'दानधर्म' या सदरात टाकला आहे, आणि रकमेपुढे चाचाच्या घरच्यांसाठी चकल्यांच्या एका डब्याची नोंद असते.